डबा आपापला

चि. सोनू हिस,


फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी जरा बोलायला लागले की तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि नेमकी तेव्हाच तुझी रेंज जाते. ती कोणत्या वाक्याला जाते हे आता मला पाठ झालंय. म्हणून कागद घेतला. शांतपणे वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच दादाला फोन लावू नकोस. त्याला यातलं काही माहीत नाही.

समोरच्या काकूंची नात तुझ्या वर्गात आहे, दुसरीला. दिवाळीच्या सुट्टीत ती आली होती. आपल्या पायरीवर गल्लीतली पोरं बसली होती, त्यांना आणि तिला मी एकेक करंजी दिली. गल्लीतल्या पोरांचं नेहमीचं सुरू झालं. तुझ्यात सारण जास्त, माझी फुटकी, दे इकडे. ही पोरगी मात्र करंजी घेऊन उठली, खांबाआड गेली आणि भिंतीकडे तोंड करून खाऊन आली. मी म्हटलं, अगं, असं काय? तर म्हणते, "टीचरनी सांगितलंय, डबा आपापला. द्यायचा नाही, घ्यायचा नाही, दुसऱ्याच्या डब्यात बघायचं पण नाही." कोणत्या टीचरनी, असं विचारलं. तिने तुझं नाव घेतलं.

पोरं ऐकतात एक आणि सांगतात एक, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळी तिच्या आईने मोबाइलवर सूचनाच दाखवली. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली किंवा डोसा, बुधवारी पनीर, गुरुवारी मोड आलेलं कडधान्य, शुक्रवारी फळं आणि सुका मेवा. अंडी, मांस, मासे आणू नयेत. डब्याची देवाणघेवाण आढळल्यास गांभीर्याने दखल घेतली जाईल. खाली वर्गशिक्षिका म्हणून तुझं नाव. सात वर्षांच्या पोराने मैत्रिणीला अर्धी पोळी दिली तर गांभीर्याने दखल! भाषा तुझी नाही हे ओळखलं मी. पण नाव तुझं आहे.

नियम दुसऱ्या कुणी केला असता तर मी दोन शब्द बोलून गप्प बसले असते. खाली तुझं नाव दिसलं आणि मला रात्री झोप लागेना.

तिसरीत होतीस तू. 2000 साल. वहिनीचं ऑपरेशन झालं होतं आणि ती मिरजेला तुझ्या आजोळी अंथरुणावर होती. दादा कारखान्यावर पाळीला जायचा, आई थकलेली. मी तेव्हा सासरच्या गावाहून एसटीने शाळेत येत होते, घरात रोज काय शिजतं हे मला कळायला मार्ग नव्हता. शाळेत अजून खिचडी शिजत नव्हती, तांदळाचे दिवस होते. 1995 पासून ज्याची हजेरी ऐंशी टक्के भरेल त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. पोरं तो पिशवीत घालून घरी न्यायची आणि तिथे तो सगळ्या घराच्या पोटात जायचा. शाळेतली दुपार ज्याच्या त्याच्या डब्यावर.

चिंचेखाली तुमची अंगतपंगत बसायची. डबे उघडले की ते मधे सरकायचे आणि मग कुठला कुणाचा हे विचारायचं नाही. एकीची मेथीची कोरडी भाजी, एकीचा शेंगदाण्याचा कूट घातलेला खर्डा, कुणाचा शिळ्या भाकरीचा कुटका, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कुणाची शेव. माळकरी घरातली तीन-चार पोरं होती. सुकटीचा डबा निघाला की ती आपण होऊन जरा पलीकडे सरकायची, आणि सुकटवाला पोरगा आपला हात धुऊनच त्यांच्या भाजीला हात लावायचा. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. "त्याला माळ आहे" एवढं एक वाक्य पुरायचं.

दिवाळीनंतरची गोष्ट. भिंतीकडेला ठेवलेले डबे मी नीट रचत होते. तुझा हाताला हलका लागला. उघडला तर आत काही नव्हतं. घासूनपुसून लख्ख केलेला रिकामा डबा, झाकण घट्ट लावलेलं. तुझ्याशेजारी बसणाऱ्या पोरीला मी बाजूला घेऊन विचारलं, तर ती अगदी सहज म्हणाली, "बाई, ती आमच्यातलं खाती की." कधीपासून, तर नवरात्रापासून.

सोनू, मी तुझी सख्खी आत्या, वर्गाची बाईही मीच, रोज तुम्हाला समोर बसून जेवताना बघणारी, आणि मला महिना-दीड महिना पत्ता नव्हता. पत्ता लागण्याची तिथे सोयच नव्हती. सगळ्यांचे डबे मधे आणि सगळ्यांचे हात त्यात, तर कोण काय घेऊन आलं हे कसं कळणार? सगळी मिळून पस्तीस वर्षांच्या जवळपास शिकवलं मी, पण शाळेत पोरांनी आपल्या आपण बसवलेली इतकी चांगली व्यवस्था दुसरी पाहिली नाही. रिकामा डबा तिच्यात दिसत नाही. "डबा आपापला" म्हटलं की तो पहिल्याच दिवशी दिसतो, आणि सगळ्या वर्गाला दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन भाकरी जास्त आणायला लागले. तुझ्या हातात नाही दिल्या, पंगतीत सोडल्या. तू विसरली असशील असं मला वाटत नाही. विसरली असतीस तर मला इतकं लागलं नसतं.

तू म्हणशील, आत्या, काळ बदलला. बदलला ना. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा कुणी कुणाचं खायचं नाही असा नियम होता आणि तेव्हा तो बरोबरच होता. एखाद्या पोराला शेंगदाणा चालत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, हेही मी ऐकलंय आणि त्याची थट्टा मी करणार नाही. त्या पोराच्या आईला बोलावून नीट विचार, वर्गाला सांग की याला शेंगदाणा म्हणजे विष. पोरं असलं काही फार जपतात. आणि उष्ट्याचं म्हणशील तर त्यांचा स्वतःचा कायदा असतोच. पेरूला फ्रॉकचं टोक गुंडाळून चिमणीच्या दातांनी तोडून दिलेला तुकडा तू कितींदा खाल्लास? तुमच्या सूचनेपेक्षा तो कायदा जुना आहे आणि जास्त पाळला जातो. पण एका पोरासाठी चाळीस पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवायचं, हे मला पटत नाही.

खरं कारण आजाराचं नाहीच, हेही काकूंच्या सुनेने सांगितलं. कुणा मुलाने कुणाला अंड्याच्या पोळीचा घास दिला, त्या मुलीच्या आईने शाळेत येऊन गोंधळ घातला, आणि वरच्यांनी सगळ्यांचेच डबे बंद करून टाकले. त्या आईचा राग मला समजतो. न विचारता तिच्या पोरीला अंडं द्यायला नको होतं. पण त्या मुलाला "आधी विचारायचं" हे शिकवणं आणि "द्यायचंच नाही" हे शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण मास्तर लोक आहोत. पहिली शिकवायला वेळ लागतो म्हणून दुसरी शिकवायची नसते.

आता मला एक सांग. तुझ्या वर्गात पंचवीस टक्क्यांतली पोरं किती? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेली, फी माफ असलेली. आहेत, मला माहीत आहे, तूच मागे म्हणाली होतीस की एकाची आई पहाटे सहाला सोसायटीत कामाला जाते. ते पोरगं महापालिकेच्या नाहीतर अनुदानित शाळेत असतं तर आठवीपर्यंत त्याला दुपारी गरम जेवण मिळालं असतं. तुमची शाळा विनाअनुदानित, तिथे ती योजना नाही. म्हणजे चांगल्या शाळेत आलं आणि ताट गेलं. त्याच्या डब्यात काय असतं ते तू बघितलंयस का? आणि बुधवारी पनीर कुठून आणायचं त्याच्या आईने? बाकीची पोरं पनीर खात असताना ते पुड्यातली बिस्किटं खातं, आणि द्यायचं नाही, घ्यायचं नाही. बघायचं पण नाही म्हणे. बघितल्याशिवाय राहतं का पोर?

हे लिहिताना माझा आवाज चढलाय, कागदावर पेन रुतलंय ते दिसेलच तुला. जरा पाणी पिऊन येते.

आले. मला पाटण तालुक्यातली माझी पहिली शाळा आठवत होती. 1981 साल, कोयनेच्या अंगाला, दोन शिक्षकी. हेडगुरुजी आणि मी खोलीत दार लोटून जेवायचो. नवीन बाईने पोरांत बसून जेवू नये, वचक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तेवीस वर्षांची, मान हलवली. पोरं बाहेर जांभळीखाली. एक पोरगी पावसाळ्यात कधी कधी माझ्यासाठी पानात बांधून भारंगीची भाजी आणायची. मी "ठेव तिथे" म्हणायचे. खोलीवर नेऊन एकटी खायचे, कडू लागायची. ती नाचणीच्या भाकरीबरोबर खायची असते, आधी उकडून पाणी काढून टाकायचं असतं, वर कांदा मिरची भरपूर घालायची असते, हे सगळं मला पुढे कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या पोरीला विचारलं असतं तर तिने तिथेच सांगितलं असतं. त्या मुक्कामात पोरांची बाराखडी मी पक्की केली, पाढे केले. त्यांची घरं काय खातात, वरी कशी कांडतात, दुष्काळी महिन्यांत कशावर दिवस काढतात, यातलं मला काही सांगता येणार नाही. बदली झाली. ते शिकायचं तिथेच राहून गेलं.

खाली कोरेगावकडे आल्यावर मी दार लोटायचं सोडलं. आणि तुला गंमत सांगू, आज माझ्या घरात रोज जे शिजतं त्यातलं निम्मं तुमच्या डब्यांतून आलंय. तुला आवडते ती हिरव्या टोमॅटोची चटणी आईची नव्हे. ती चौथीतल्या एका पोरीच्या घरची. टोमॅटो, मिरच्या, लसूण तव्यावर तेलात चांगले डाग पडेपर्यंत परतायचे, तीळ टाकायचे आणि पाट्यावर न नेता तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचं. तांब्या तव्यावर फिरवताना किती दाबायचं ते त्या पोरीने मला शाळेच्या पायरीवर पाटी उलटी धरून दाखवलं होतं. कांद्याच्या पातीचा झुणका माळ्याच्या पोराचा. शिरखुर्म्यात खजूर कधी घालायचा ते ईदनंतर डबा घेऊन आलेल्या भावंडांचं. पुढे शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा मला वाटलं आता अंगतपंगत संपली. कुठली संपतेय! पोरं घरून कागदात लोणच्याची फोड, मुठीत कांदा, चिमटीत खर्डा घेऊन यायची आणि तो पंगतभर फिरायचा. सरकारने पोट भरलं, चव त्यांनी आपली आपण आणली.

तुझ्या आजोबांची, आप्पांची बोर्डिंगची गोष्ट तुला पाठ आहे, तरी लिहिते. सातारला धनिणीच्या बागेत शाहू बोर्डिंग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये सुरू केलेलं. आप्पा तिथे गेले तोवर कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे तिथलं प्रत्येक पोर सांगायचं. आप्पांना पहिल्या दिवशी भाकरी थापायला बसवलं, शेजारी कोण होता ते विचारायची चोरी. गावाकडे आजीने त्यांना सांगून पाठवलं होतं, कुणाच्या हातचं खाऊ नको. आप्पा म्हणायचे, पहिले दोन दिवस उपाशी राहिलो, तिसऱ्या दिवशी भूक लागली आणि जात गेली. तू लहानपणी ही गोष्ट ऐकून हसायचीस. आज पुण्याजवळच्या शाळेत त्याच घरातली नात पोरांना सांगतेय, कुणाच्या हातचं खाऊ नका. कारण वेगळं असेल, सूचना छापील असेल. ऐकू मला आजीसारखंच येतं.

जास्त बोलले का मी? बोलले असेन.

हे बघ, तुझी अवस्था मला कळत नाही असं नाही. नोकरी कायम नाही, दरवर्षी मे महिन्यात काळजी, पगार किती ते दादाला सांगत नाहीस पण मला सांगितलंयस. वरून आलेला मजकूर वर्गशिक्षिकेच्या नावाने पाठवायचा असतो, नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी दुसरी मुलगी घेतात. आमची नोकरी जिल्हा परिषदेची होती. बदली करायचे, काढायचे नाहीत. तेव्हा मी इथे बसून शूरपणा सांगणं सोपं आहे. तू वरच्यांशी भांड असं मी म्हणत नाही. मुळीच भांडू नकोस.

पण वर्गाचं दार लावल्यावर आत तू असतेस. पोरांना तोंडं भिंतीकडे करून बसवू नकोस, गोल बसव, एवढं तर कुठल्याही नियमात बसतं ना? डब्यात बघायचं नाही, हे मात्र आधी मागे घे. बघू देत. "तुझ्या आईने हे कसं केलं?" असं एकमेकांना विचारू देत आणि दुसऱ्या दिवशी घरून विचारून येऊ देत. आया खूश होतात गं, त्यांच्या हातच्या कृतीचं कुणी नाव काढलं की. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी एकच जिन्नस आणायचा ठेव, सगळ्यांना परवडेल आणि सगळ्यांना चालेल असा. चुरमुरे, काकडी, गूळपोळी, काही. एका मोठ्या परातीत ओता आणि मधे ठेवा. एकच जिन्नस असला की कुणाच्या आईला गोंधळ घालायला जागा नाही, आणि ज्याने आणलं नाही ते परातीत दिसत नाही. बुधवारच्या पनीरचं तेवढं वर बोलून बघ. पालेभाजी लिहा म्हणावं. हे काही बंड नव्हे.

आणि त्या बिस्किटवाल्या पोराकडे लक्ष ठेव. त्याच्या हातात काही देऊ नकोस, त्याला कळेल. कसं द्यायचं ते तुला मी सांगायला नको.

आता दुसरं. तू स्वतः काय जेवतेस? काकूंची नात म्हणाली, टीचर डबा खात नाहीत, वह्या तपासतात. मधल्या सुट्टीत वह्या तपासतेस, शाळा सुटल्यावर शिकवण्या, रात्री रूमवर आल्यावर काय, मॅगी? तुझ्या रूममधल्या दोघी आपापलं मागवतात, हे तूच मागे बोलून गेलीस. म्हणजे पोरांचाही डबा आपापला आणि टीचरचाही आपापला. मला वाटतं, वर्गातल्या सूचनेपेक्षा मला याचाच घोर जास्त लागलाय आणि मी इतका वेळ उगाच पोरांच्या नावाने ओरडतेय.

एसटीने येणाऱ्या शेजारच्या मुलाबरोबर या पत्रासोबत वाघ्या घेवडा पाठवतेय, आपल्या रानातला, या सालचा. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाजारात सगळेच त्याचं नाव लावून विकतात, तिकडचा घेऊ नकोस. रात्री झोपताना दोन मुठी भिजत घाल. सकाळी कुकरला तीन शिट्ट्या, मीठ शिजल्यावर. कांदा, सुकं खोबरं भाजून लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटायचं, तेलात चांगलं परतायचं, मग आपली कांदा-लसूण चटणी, मग घेवडा. डब्यात न्यायचा असेल तर पळीने थोडे दाणे कढईतच घोट, रस्सा दाट होतो आणि पिशवीत सांडत नाही. वाटण रविवारी करून ठेवलंस तर चार दिवस फ्रिजमध्ये राहतं. भाकरी जमत नसेल तर भातावर घे, बिघडत नाही. त्या दोघींना पण वाढ. एकीला खोबरं चालत नाही म्हणाली होतीस ना, तिच्यापुरतं वाटणाआधी काढून ठेव.

पौषात हुरडा होईल तेव्हा दोन दिवस काढून ये. वहिनीला मी काही बोलले नाही, तिला एवढंच माहीत आहे की मी तुला घेवडा पाठवतेय. येताना माझे डबे आठवणीने आण. उभा कडीचा, त्याच्यातला छोटा आणि आईच्या नावाचा कोरलेला, तिन्ही तुझ्याकडेच आहेत. आणि रिकामे आणू नकोस.

तुझी,
आत्या